मीटर येईपर्यंत

मी वीज कंपनीत असिस्टंट इंजिनिअर आहे. माझ्या डोळ्यांदेखत सत्तरीच्या एका सभ्य, हळू आवाजात बोलणाऱ्या गृहस्थांनी आमच्या लाइनमनचा जबडा फोडला. ज्या वस्तूने फोडला, तीच वस्तू आम्ही त्यांना कित्येक महिने देत नव्हतो. हे कसं झालं ते मला पोलिसांनी विचारलं, साहेबांनी विचारलं, युनियनने विचारलं, घरी नवऱ्याने विचारलं. प्रत्येकाला मी त्याच्यापुरतं सांगितलं. सलग कोणालाच सांगितलेलं नाही.

आमचं ऑफिस डोंबिवली पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मी राहते कळव्याला. माझ्या टेबलावर नवीन कनेक्शनची कामं येतात आणि गेली काही वर्षं सोलरचीही. सरकारने जाहिराती लावल्या, लोकांनी गच्च्यांवर पॅनल चढवले आणि ते सगळे आमच्या दारात येऊन उभे राहिले. कारण पॅनल बसवणं हे अर्धंच काम. गच्चीवर तयार झालेली वीज आमच्या लाइनीत सोडायची तर आमची परवानगी लागते, आणि येणारी आणि जाणारी अशी दोन्हीकडची वीज मोजणारं वेगळं मीटर लागतं. त्याला सगळे नेट मीटर म्हणतात. ते लागेपर्यंत पॅनल म्हणजे गच्चीवरची शोभा. चालू करायचे नाहीत.

आणि ते मीटर द्यायचं आमच्या मनात नव्हतं.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलेलं. "नाही म्हणायचं नाही. हो पण म्हणायचं नाही. मीटर आलं की बघू म्हणायचं."

"पण सर, लोक विचारतात ना. नियमात मुदत आहे."

"हे कोण लोक आहेत माहितीये? वेळेवर बिल भरणारे. हे सगळे गच्चीवर गेले तर आपण वीज विकायची कोणाला? आकडे टाकणाऱ्यांना?"

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. शिवाय आमच्या हद्दीतल्या कोपर भागातला ट्रान्सफॉर्मर आधीच भरलेला होता, त्यावर आणखी काही जोडणं धोक्याचं होतं. पण मुख्य कारण साहेबांनी सांगितलं तेच होतं. साहेब स्वतः ठाण्यात बाळकुमला ज्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहायचे तिथलं सोलर केव्हाच सुरू झालेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते गृहस्थ, मी त्यांना काका म्हणायचे, पहिल्यांदा आले ते दिवाळीच्या सुमारास. कोपरच्या एका सात मजली, दोन विंगांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात चपला पण स्वच्छ. आमच्या सूचनाफलकावर 'विज' असं लिहिलं होतं, ते त्यांनी परवानगी विचारून दुरुस्त केलं. त्यांच्या गच्चीवरचं काम पूर्ण झालेलं होतं. मीच जाऊन तपासून आलेले, काम चोख होतं. मी त्यांना म्हटलं, "मीटर आलं की कळवते."

ते दर आठवड्याला यायचे. कधी आवाज चढवला नाही. "मॅडम, नमस्कार. काही कळलं का?" एवढंच. मी मान हलवायची. ते बाकावर थोडा वेळ बसायचे, रुमालाने मान पुसायचे आणि जायचे. एकदा मात्र जाताना म्हणाले, "मॅडम, लोकांना मी शब्द दिलाय हो. अर्धी सोसायटी नको म्हणत होती. घराघरात जाऊन मी पटवलंय. आता लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मी जिन्याने जातो."

एप्रिलमध्ये दोन मीटर आली. तपासून, सील करून, खोक्यात. साहेबांनी ती माझ्या मागच्या कपाटावर ठेवायला लावली. "ही कोणाला द्यायची नाहीत. एका बिल्डरला सांगितलंय मी." मी ठेवली. काका त्या आठवड्यात आले तेव्हा ती खोकी त्यांच्या समोरच होती, त्यांना कळलं नाही.

मे महिन्यात उकाड्याने माणसं वेडी व्हायची वेळ आली. एसी वाढले, ट्रान्सफॉर्मर तोच. एका संध्याकाळी कोपरचा तो ट्रान्सफॉर्मर मोठ्ठा आवाज करून जळाला आणि त्याच्यासोबत खालची केबलही. अख्खा रस्ता अंधारात गेला. आमचे सीनिअर लाइनमन आणि त्यांचा भाचा, तोही आमच्याकडेच लाइनमन, दोघं तिथे पोचले ते रात्रभर तिथेच होते. ते कोपरजवळच्याच गावातले, आगरी. भाच्यामुळे अख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. कल्याणहून दुसरा ट्रान्सफॉर्मर आला, तो चढवायला क्रेन मिळेना, क्रेन मिळाली तर गाड्या पार्क केलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी लाइट नव्हती.

दुपारी मामा एकटेच ऑफिसात आले. केबल जोडायला लागणारं सामान हवं होतं. शर्ट काळा, डोळे लाल. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला.

चाळीस-पन्नास माणसं आत घुसली. सगळी कोपरची. पुढे काही पोरं होती, ती त्या भागातल्या एका पुढाऱ्याची माणसं होती, गळ्यात रुमाल वगैरे. त्यांच्यामागे सोसायट्यांमधले लोक. बायकाही होत्या. आणि मध्ये काका.

"साहेब कुठेय? बाहेर काढ त्याला!"

साहेब मागच्या दाराने गेलेले होते. केबिन रिकामी बघितल्यावर पोरांनी केबिनच्या काचेत खुर्ची घातली. मग टेबलाची काच. मग कॉम्प्युटर वायरसकट ओढून खाली. आमच्या शिपायाने दोन्ही हात पसरून दार अडवायचा प्रयत्न केला, त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. त्याच्या डोक्याचा भिंतीवर झालेला आवाज मला ऐकू आला. एका बाईने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली. "हिच्या घरी एसी असेल! माझं पोर रात्रभर फरशीवर लोळत होतं, फरशीवर!" दुसऱ्या कोणीतरी माझे केस मागून ओढले.

काका ओरडत होते. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "हात उचलायचा नाही कोणी! आपण बोलायला आलो आहोत! मागे व्हा!" लोक जरा थांबले. काका माझ्या टेबलापुढे आले. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता.

"मॅडम, बाहेर बघा. किती ऊन आहे. माझ्या गच्चीवर एवढे पॅनल आहेत. तुम्ही ते मीटर दिलं असतं तर निदान आज सकाळपासून तरी माणसं अशी तडफडली नसती. एवढंच म्हणायचंय मला."

मी गप्प बसायला हवं होतं, असं साहेब नंतर म्हणाले. पण मी खरं तेच बोलले. "काका, मीटर असतं तरी आत्ता ते चाललं नसतं. आमची लाइन बंद झाली की सोलरही आपोआप बंद होतं. तसंच बनवलेलं असतं. नाहीतर तुमची वीज उलटी आमच्या लाइनीत येईल आणि खांबावरचा माणूस मरेल."

काकांनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे लाइट गेली की तुमचीही जाणार. बिल कमी येईल, पण..."

"हे मला कोणी का नाही सांगितलं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झालेला. "मी सगळ्यांना सांगितलं होतं, आता अंधार नाही."

त्यांच्याच बी विंगेतला एक पोरगा, जिमला जाणारा, दंडावर टॅटू असलेला, मागून हसला. "काका, येड्यात काढलं तुम्हाला यांनी. आणि तुम्ही आम्हाला." आणखी दोघं-तिघं हसले. काकांनी मागे वळून बघितलं. ज्यांच्या घराघरात जाऊन त्यांनी पटवलेलं, ती माणसं होती.

तेवढ्यात पुढाऱ्याच्या एका पोराने माझ्यामागचं कपाट हलवलं. पाडायलाच निघालेला तो. वरची खोकी खाली पडली. एक काकांच्या पायापाशी. त्यांनी ते उचललं, डोळ्यांजवळ धरून वाचलं, उघडलं. आतलं मीटर बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

मामा पुढे झाले. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, कोणाचं मीटर, कोणासाठी. ऑफिसची वस्तू लोकांच्या हातात गेली एवढंच त्यांनी बघितलं. "सर, ठेवा ते खाली. ते तुमचा नाय," म्हणाले आणि काकांच्या हातावर हात ठेवला.

काकांनी ते मीटर दोन्ही हातांत धरून मामांच्या तोंडावर मारलं.

तो आवाज नारळ फुटल्यासारखा नव्हता, काही जण तसं सांगतात. ओलं लाकूड मोडावं तसा होता. मामांनी हात वर घेतले नाहीत, बहुतेक त्यांना कळलंच नाही. काकांनी पुन्हा मारलं. मामा माझ्या टेबलावर पडले, काकांनी वाकून तिसऱ्यांदा मारलं, कानावर. त्यांच्या तोंडातून कसलातरी आवाज येत होता, शब्द नव्हते. चष्मा पडलेला होता. मी सुटायला बघत होते आणि ती बाई मला सोडत नव्हती. मी तिच्या हाताला चावले. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत चावले. ती किंचाळली तेव्हा सुटले, पण तोवर संपलेलं होतं.

लोक पळाले. जे सर्वात जास्त ओरडत होते ते सर्वात आधी. टेबलावर रक्त, मामांचा एक दात, आणि मामा घशातून घरघर काढत. मी ओढणी काढून त्यांच्या तोंडाखाली धरली. काका पळाले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले, मीटर मांडीवर घेऊन. पोलीस आले तेव्हाही ते त्यांच्या हातात होतं. हवालदाराला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

भाचा तेव्हा खांबावर होता. त्याला कोणी सांगितलं नाही, काम थांबू नये म्हणून. त्याने संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर चालू केला, अख्ख्या रस्त्याला लाइट आली, लोकांनी खिडक्यांतून ओरडून आनंद केला. मग तो खाली उतरला आणि त्याला फोन आला.

दुसऱ्या दिवशी युनियनने काम बंद ठेवलं. मी घरी होते, मनगटाला पट्टी. साहेबांचा फोन आला. "आपली काही पोरं त्या सोसायटीत गेलीत म्हणे. पोलिसांना मी सांगतोय, पण तुम्ही जा जरा. तुम्ही बाई आहात, तुमचं ऐकतील."

"तुम्ही येताय का सर?"

"मी हेड ऑफिसला आहे."

मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. नवरा नको म्हणत होता. त्या पोरांत मामांचा भाचा असणारच, आणि त्याला मी नोकरीला लागल्यापासून ओळखत होते, एवढं एक.

कोपरला पोचले तर गेटवर वॉचमन बसलेला, कपाळातून रक्त येतंय, रुमाल धरलाय. सोसायटीची मुख्य केबल कुऱ्हाडीने तोडलेली. लिफ्ट बंद. बंद दारांच्या मागून बायका-माणसं कुजबुजत होती, एकही दार उघडं नव्हतं. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत वरचे आवाज ऐकू येत होते. धाड. धाड.

गच्चीवर आमचे पाच जण होते. भाच्याच्या हातात पहार. सोलरची काच फुटली की सांडत नाही, आतल्या आत तडकून पांढरी पडते. पहिली ओळ सगळी पांढरी झालेली होती. आणि दुसऱ्या ओळीच्या पुढे काकू उभ्या होत्या. काकांच्या पत्नी. नाइटगाऊनवर ओढणी घेतलेली, गुडघे फुटलेले. कोणीतरी त्यांना ढकललेलं होतं आणि त्या परत उठून उभ्या राहिलेल्या.

"बाजूला हो म्हातारे!" भाचा ओरडत होता. "तुझ्या नवऱ्याने माज्या मामाचा तोंड फोरला! त्याला आता जेवता येवाचा नाय!"

"मग मला मार ना! काचा काय फोडतोस? मला मार!"

त्याने त्यांना एका हाताने बाजूला भिरकावलं. त्या पाण्याच्या टाकीवर आदळल्या.

मी ओरडले, "पहार टाक! त्या वायरला लागेल! जिवंत आहे ती!"

"कसली जिवंत, मॅडम? मेन कापलाय आमी खाली. सगला बंद हाय."

त्याची चूक नव्हती. आयुष्यभर त्याला हेच शिकवलेलं, खालून लाइन तोडली की वर सगळं मेलेलं. आणि ते पॅनल तर कधी चालूच झालेले नव्हते. त्याच्या लेखी ते मेलेलेच होते. "अरे, ऊन आहे ना वर!" मी म्हटलं. "ऊन कसं कापशील?"

तो हसला. मामाचं नाव घेऊन त्याने पहार वर नेली आणि पॅनलची काच चुकून ती खालच्या पत्र्याच्या पट्टीवर बसली. त्या पट्टीतून दोन्ही बाजूंच्या तारा एकत्र खाली जात होत्या. पहार दोन्हींमध्ये घुसली.

पांढरा उजेड झाला. भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा मला क्षणभर दुसरं काही दिसेना. आणि आवाज, काहीतरी फाडत राहावं तसा, न थांबणारा. आमच्या लाइनीवर शॉर्ट झालं की फ्यूज जातो, स्फोट होतो आणि संपतं. हे संपत नव्हतं. भाचा मागे फेकला गेला, पण पहार तिथेच अडकून राहिली आणि तिच्या टोकाशी तो पांढरा जाळ नाचत राहिला. तारांचं रबर पेटलं. काळा धूर. आमची पोरं मागे सरली. एकाने खाली जाऊन अग्निशमनला फोन करतो म्हणून पळ काढला, एक जण मोबाइल काढून शूटिंग करायला लागला.

"झाका!" मी ओरडले. "पॅनल झाका! ऊन बंद करा!"

कोणाला कळेना. ज्यांना कळलं त्या काकूच. टाकीला धरून उठल्या, लंगडत जिन्याच्या खोलीत गेल्या आणि पावसाळ्यासाठी आणून ठेवलेली निळी ताडपत्री ओढत आणली. मी एक टोक धरलं. तो मोबाइलवाला अजून उभाच होता. मी त्याच्या कानाखाली अशी मारली की मोबाइल उडाला. "धर!" मग त्यानेही धरलं. आम्ही ताडपत्री एका ओळीवर टाकली, जाळ मंद झाला. दुसऱ्या ओळीवर आमच्या पोरांनी शर्ट काढून टाकले, काकूंनी वाळत घातलेल्या चादरी टाकल्या. जाळ फडफडला आणि गेला. पत्रा लाल झालेला होता आणि सगळीकडे जळक्या रबराचा वास.

भाचा भिंतीपाशी पडलेला. डोळे गच्च मिटलेले, भुवया गेलेल्या, उजव्या हाताची कातडी सैल होऊन लोंबत होती. तो आई-आई करत होता. काकूंनी टाकीची नळी सोडली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन त्यावर पाणी धरलं. आणि पाणी धरता धरता त्याला शिव्या देत होत्या. "मेल्या. मुडद्या. मर तू. हलवू नकोस हात. मर मेल्या, हलवू नकोस." त्यांच्या गुडघ्यांतलं रक्त त्या पाण्यात मिसळून वाहत होतं.

त्याला खाली कोण नेणार, लिफ्ट बंद. बी विंगेतला तो जिमवाला पोरगा वर आला, त्याला पाठीवर घेतलं आणि सात मजले उतरला. मी मागे होते. खाली आवारात एव्हाना सोसायटीची माणसं बाहेर पडलेली होती. पाठीवरच्या त्या भाजलेल्या पोराला गर्दीतल्या एकाने कमरेत लाथ घातली. तो कळवळलासुद्धा नाही. जिमवाला थांबला, वळला, पण हात मोकळे नव्हते त्याचे. तो नुसता त्या माणसाच्या तोंडावर थुंकला आणि रिक्षाकडे गेला.

मामा आणि भाचा दोघंही कळव्याच्या हॉस्पिटलात होते, वेगवेगळ्या वॉर्डात. माझं घर जवळ, म्हणून मी रोज मामांसाठी पेज न्यायची पाळी स्वतःकडे घेतली. त्यांचा जबडा तारांनी बांधून बंद केलेला. दातांच्या फटीतून नळीने पेज ओढायचे. बोलायचे तर ओठ न हलवता. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं ते हेच, "तो मीटर कोनाचा व्हता?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, साहेबांचं, बिल्डरचं, कपाटाचं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन्हीकडून केसेस झाल्या होत्या. काका दोन दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटले. भाच्यावर आणि बाकीच्या चौघांवर वेगळी केस. पोलीस स्टेशनच्या साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावून सांगितलं की मिटवा, नाहीतर भाच्याची नोकरी जाईल आणि काकांचं म्हातारपण कोर्टात जाईल. मामांनी तडजोडीच्या कागदावर सही केली तर सगळं मिटणार होतं. मामा सही करत नव्हते.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले आणि मागोमाग काका आले. एकटेच. चष्मा नवा होता. हातात शहाळं. ते कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांना काही बोलताच येईना. एवढा भाषेचा माणूस, ओठ नुसते हलायचे.

मामांनी बोटाने खूण केली, इकडे या. काका बाजूने जवळ आले. मामांनी अजून जवळ यायची खूण केली. काका वाकले. त्यांना बहुतेक वाटलं असेल की काही सांगायचंय, तोंड उघडत नाही म्हणून जवळ बोलावतायत.

मामांनी त्यांना थोबाडीत मारली. अंगात ताकद नव्हती, सलाईनची नळी ताणली गेली, पण वॉर्डभर आवाज झाला. काका सरळ झाले. मला वाटलं आता जातील. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि परत वाकले.

मामांनी परत मारली. मग परत. पलीकडच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. नर्स दारात आली आणि तिथेच थांबली. मी हातात डबा घेऊन उभी. मला पुढे व्हायला हवं होतं का? मला व्हावंसं वाटलं नाही. मामा रडत होते, तोंड न उघडता रडताना नाकातून एक विचित्र आवाज येतो. मारता मारता हात दमला तेव्हा तो काकांच्या खांद्यावरच पडून राहिला. काकांचा गाल लाल झालेला. त्यांनी तो हात उचलून हळूच चादरीवर ठेवला, शहाळं स्टुलावर ठेवलं आणि गेले.

"हे शहाला घेऊन जा," मामा मला म्हणाले. मी वॉर्डबॉयला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. भाच्यासाठी केली, असं म्हणाले.

साहेबांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी. त्या दोन मीटरांपैकी एक पोलिसांकडे जप्त होतं, दुसरं बिल्डरला गेलं. चौकशी झाली तेव्हा मी मीटरांबद्दल बोलले. लिहून घेणाऱ्या माणसाने पेन थांबवून विचारलं, "हे लिहू का?" मी म्हटलं, लिहा. त्याचं पुढे काही झालं नाही. फक्त ऑफिसात मला चहाला बोलावणं बंद झालं.

काकांच्या सोसायटीला नेट मीटर मिळालं ते श्रावणात. नवीन साहेब तरुण होते, त्यांना हे प्रकरण टेबलावरून जायला हवं होतं. "तुम्हीच जा," म्हणाले. गेले. फुटलेले पॅनल काढलेले होते, उरलेले जोडून घेतलेले. बारीक पाऊस होता, वीज जेमतेम येत होती, पण मीटरवर आकडे हलले. खाली आवारात त्याच पुढाऱ्याचा बॅनर लागलेला, नारळ फुटला, फोटो निघाले. मलाही उभं केलं. काका कुठे दिसले नाहीत. त्यांनी सेक्रेटरीपद केव्हाच सोडलेलं.

काकूंनी मला वर घरी नेलं. नको म्हणता आलं नाही. त्या अजून एका पायाने लंगडत होत्या. काका गॅलरीत बसलेले, पाठ आमच्याकडे. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"ते जेवतात का आता?" त्यांनी विचारलं.

"भात खातात. एका बाजूने चावतात. रिटायर झाले गेल्या महिन्यात."

"आणि तो मुलगा?"

"दोन बोटं वळत नाहीत. आता ऑफिसात बसतो. खांबावर चढत नाही."

त्यांनी मान हलवली. खालून बॅनरवाल्यांच्या घोषणा येत होत्या. ते म्हणाले, "मॅडम, सगळे म्हणतात रागाच्या भरात झालं. भान नव्हतं. वकील पण हेच म्हणाले. तसं नव्हतं ते. पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून दुसरा मारला."

काकू आतून म्हणाल्या, "पुरे झालं. चहा घेऊ दे त्यांना."

मी चहा प्यायले. साखर जास्त होती. उठले, कप आत ठेवला. काकू सिंकपाशी होत्या, त्यांनी मागे वळून बघितलं नाही, नुसतं "सावकाश जा, जिना ओला आहे," म्हणाल्या. खाली आले तर पाऊस वाढलेला. माझी स्कूटर बॅनरखाली अडकलेली होती आणि ती काढायला कोणीतरी मला मदत केली.